चार्ल्सच्या काठी तीन दिवस: बॉस्टनची वल्ह्यांची शर्यत बघायला जाताना

ऑक्टोबरमध्ये बॉस्टनला मुलांकडे आलेल्या आईवडिलांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. रंग बदललेली झाडं, सफरचंदाची बाग, हार्वर्डच्या आवारात एक फोटो, आणि मग घरी पिठलं-भात. त्याच महिन्यात या शहराच्या मधून वाहणाऱ्या चार्ल्स नदीवर तीन दिवस जगभरातले अकरा हजारांहून जास्त वल्हेकरी उतरतात. काठावर उभं राहून ते फुकट बघता येतं. तरी कित्येक मराठी घरांना त्याचा पत्ता नसतो, आणि पत्ता लागतो तो रस्ते तुंबल्यामुळे.

या स्पर्धेचं नाव ‘हेड ऑफ द चार्ल्स’. पहिली शर्यत १६ ऑक्टोबर १९६५ रोजी झाली. नदीच्या उत्तरेकडे केंब्रिज नावाचं वेगळं गाव आहे. हार्वर्ड आणि एमआयटी ही दोन्ही विद्यापीठं तिथलीच. त्या गावातल्या केंब्रिज बोट क्लबच्या तिघा सभासदांनी ती सुरू केली. कल्पना हार्वर्डमध्ये वल्हवणं शिकवणाऱ्या अर्नेस्ट आर्लेट या इंग्रज प्रशिक्षकाची. इंग्लंडात थेम्सवर १९२६ पासून अशा शर्यती होत होत्या. तोच प्रकार इथे आणला.

आधी प्रकार समजून घ्या

सांगलीकरांना कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यती ठाऊक असतात. कोण पुढे, कोण मागे हे तिथे डोळ्यांना दिसतं. इथे तसं नाही. चार्ल्स अरुंद आहे, वाकडी आहे आणि तिच्यावर पूलच पूल आहेत. दहा नौका शेजारी-शेजारी सोडल्या तर पहिल्याच कमानीत त्यांचा चुराडा होईल. म्हणून नौका एकामागून एक, साधारण पंधरा सेकंदांच्या अंतराने सोडतात. प्रत्येकीची वेळ स्वतंत्र मोजतात आणि जिची वेळ सर्वात कमी ती जिंकते.

याचा बघणाऱ्यासाठी अर्थ असा की कोण जिंकलं ते काठावरून कळत नाही. शेवटच्या रेषेपाशी जागा धरून बसलेल्या माणसालाही कळत नाही, कारण पाचवी येणारी नौका पहिलीपेक्षा वेगवान असू शकते. वर बॉयांच्या, म्हणजे वाट आखायला पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणांच्या, बाहेरून गेल्याबद्दल किंवा वाट अडवल्याबद्दल दंडाचे सेकंद नंतर वाढतात ते वेगळेच. निकाल फोनवर बघायचा. काठावर बघायची ती वळणं, ओलांडणं आणि पुलाखालची घुसमट. हे एकदा डोक्यात पक्कं केलं की कुठे उभं राहायचं, किती वाजता जायचं, किती चालायचं हे सगळं आपोआप ठरत जातं.

वल्हेकरी जिकडे जायचं तिकडे पाठ करून बसतात, ही गोष्ट पहिल्यांदा बघणाऱ्याच्या लगेच लक्षात येत नाही. आठ जणांच्या नौकेत, म्हणजे ‘एट’मध्ये, पुढचं फक्त कॉक्सला, म्हणजे वल्हं न मारता नौका वळवणाऱ्या नवव्या माणसाला, दिसतं. सुकाणूची दोरी त्याच्या किंवा तिच्या हातात. एकट्याच्या नौकेत, म्हणजे ‘सिंगल’मध्ये, कॉक्स नसतो. तिथे वल्हेकरी दर काही वल्ह्यांनी मान वळवून मागे बघतो, आणि तेवढ्यात पूल येतो. सिंगलमध्ये दोन्ही हातांत एकेक वल्हं असतं. एटमध्ये प्रत्येकाकडे एकच, पण लांब. दोन्हींच्या मधे दोघांची डबल, आणि चौघांच्या फोर (एकेक वल्हं) व क्वाड (दोन-दोन वल्ही) असे प्रकार असतात.

आपल्याकडे या खेळाचं नाव निघालं की दत्तू भोकनळ आठवतो. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा लष्करात गेल्यावर पुण्यात वल्हवायला शिकला आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगलमध्ये उतरला. त्याच ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सिंगलचं रौप्यपदक गेवी स्टोन या अमेरिकी खेळाडूला मिळालं. ती बॉस्टनला लागून असलेल्या न्यूटनची, आणि चार्ल्सवरची सिंगलची शर्यत तिने अनेकदा जिंकली आहे. काठावर उभं राहून जे वल्हेकरी आपण बघतो त्यांत या पातळीचे लोक असतात. त्यांच्याच मागोमाग कॉलेजची पोरं, शाळकरी मुलं आणि सत्तरी ओलांडलेले आजोबाही येतात.

तारीख, तिकीट, मुक्काम

तारीख ठरलेली नसते, पण नियम ठरलेला आहे. ऑक्टोबरमधला शेवटून दुसरा पूर्ण शनिवार-रविवार आणि त्याच्या आधीचा शुक्रवार. २०२४ मध्ये १८ ते २०, तर २०२५ मध्ये १७ ते १९ ऑक्टोबर. दसरा, कोजागिरी, दिवाळी यांच्याच आसपास हे येतं. २०२५ मध्ये तर शर्यतीचा शनिवार आणि धनत्रयोदशी एकाच दिवशी आली होती. मराठी मंडळाचे दिवाळीचे कार्यक्रमही याच शनिवार-रविवारांवर डोळा ठेवून असतात, तेव्हा घरच्या माणसांना आधीच विचारून ठेवा. नाहीतर दुपारी पुलावर आणि संध्याकाळी नाट्यगृहात अशी ओढाताण होते.

भारतातून येणाऱ्यांनी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळाल्याशिवाय कशाचेही पैसे भरू नयेत. पर्यटक व्हिसासाठी मुंबईत महिनोन् महिने थांबावं लागू शकतं. मुंबईहून बॉस्टनला थेट विमान नाही. दोहा, दुबई किंवा युरोपातल्या एखाद्या शहरातून यावं लागतं. वयस्कर मंडळी एकटी येत असतील तर एकच थांबा असलेलं तिकीट घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. अमेरिकेतल्या दुसऱ्या शहरात विमान बदलायचं असेल तर सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं, त्यात जेरीला यायला होतं.

शर्यत बघायला तिकीट लागत नाही. एलियट पुलाजवळ पैसे घेऊन बसवणारा एक मांडव असतो. तिथे खुर्ची, खाणं आणि आडोसा मिळतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी तो खर्च मला पटतो. बाकीच्यांना त्याची गरज नाही.

मुक्कामाचं मात्र आधी बघा. केंब्रिजमधली हॉटेलं वल्हेकरी, त्यांचे आईबाप आणि जुने विद्यार्थी मिळून वर्षभर आधीच भरून टाकतात आणि उरलेल्या खोल्यांचे भाव कडाडतात. त्याच सुमारास झाडांचे रंग बघायला येणाऱ्यांचीही गर्दी असते. नदीजवळ राहायचा हट्ट सोडा. मेट्रोच्या रेड लाइनच्या दक्षिणेकडच्या टोकाला क्विन्सी, ब्रेनट्री या भागात खोली घेतली तरी एकाच गाडीने थेट हार्वर्ड स्क्वेअरला येता येतं. नातेवाईक असतील तर प्रश्नच मिटला. आपली माणसं राहतात ती उपनगरं, म्हणजे वेस्टबरो, फ्रेमिंगहॅम, अॅक्टन, बर्लिंग्टन, नदीपासून लांब आहेत, पण त्यांतली काही रेल्वेवर आहेत. त्याबद्दल पुढे.

शहरात शिरताना

विमानतळावरून शहरात येणारी सिल्व्हर लाइनची बस फुकट आहे. ‘एसएल १’ असं लिहिलेली बस पकडा, साउथ स्टेशनला उतरा आणि तिथल्या तिथे खाली रेड लाइनमध्ये शिरा; वेगळं तिकीट काढावं लागत नाही. इथल्या मेट्रोला सगळे नुसतं ‘टी’ म्हणतात. एका फेरीचे २.४० डॉलर. २०२४ च्या ऑगस्टपासून फाटकावर साधं बँकेचं कार्ड किंवा फोन टेकवला तरी चालतं, त्यामुळे पाहुण्यांना वेगळं कार्ड काढून देण्याची यातायात संपली.

मोटार घेऊन नदीकडे जाऊ नका. हा सल्ला सगळेच देतात आणि तरी दरवर्षी अर्धं गाव गाडी घेऊन जातं. हार्वर्ड स्क्वेअरच्या आसपास रस्त्यावरच्या बऱ्याच जागा रहिवाशांच्या परवान्याच्या असतात, बाकीच्या मिळत नाहीत. मेमोरियल ड्राइव्ह हा केंब्रिजच्या बाजूचा काठावरचा रस्ता. वसंतापासून नोव्हेंबरपर्यंत त्याचा वेस्टर्न अॅव्हेन्यूपासून वरचा भाग रविवारी दिवसा मोटारींना बंद असतो. पायी हिंडणाऱ्यांची त्यात चंगळ होते. गाडीशिवाय निघताच येत नसेल तर रेड लाइनच्या उत्तर टोकाला एलवाइफ येथे मोठा वाहनतळ आहे. तिथे गाडी टाका आणि टीने तीन स्टेशनं पुढे हार्वर्डला या.

उपनगरातल्यांसाठी रेल्वे अधिक बरी. अॅक्टन, वॉल्थमकडून येणारी फिचबर्ग लाइन पोर्टरला थांबते. तिथून रेड लाइनने हार्वर्ड एकच स्टेशन. वेस्टबरो, फ्रेमिंगहॅमकडून येणाऱ्या वूस्टर लाइनने बॉस्टन लँडिंगला उतरलं की नदीचं वरचं टोक, म्हणजे शर्यतीचा शेवट, पायी अर्ध्या तासावर. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात. परतीची वेळ सकाळीच टिपून ठेवा, कारण एक गाडी चुकली की फलाटावर गार वाऱ्यात बराच वेळ काढावा लागतो.

नदी, खालून वर

चार्ल्स उगम पावते हॉपकिंटनला, जिथून बॉस्टन मॅरेथॉनही सुटते. तिथून वळणं घेत घेत ती समुद्राला मिळते. १९१० मध्ये तिच्या मुखाशी बांध घातला तेव्हापासून शहरातल्या पात्रात भरती-ओहोटी येत नाही आणि पाणी जवळजवळ संथ असतं. शर्यत साधारण तीन मैलांची, म्हणजे ४.८ किलोमीटरची, आणि ती प्रवाहाच्या उलट दिशेने, खालून वर जाते. वेगवान एट हे अंतर पंधरा मिनिटांच्या आत कापतात. चांगल्या सिंगलला सतरा-अठरा मिनिटं, म्हाताऱ्या मंडळींना बरीच जास्त.

सुरुवात होते बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या डीवुल्फ बोटहाउसपाशी. तिथून लगेच बीयू पूल. या पुलाखालून तिरका रेल्वेचा पूल जातो आणि त्या दोन्हींच्या खालून नदी. नौका सुटताना बघायची असेल तर इथे सकाळी या. ग्रीन लाइनची ‘बी’ शाखा इथवर आणते. गर्दी विरळ असते, माइकवरून नावं पुकारत असतात आणि नौका वेग घेताना दिसतात. पहिल्या वीस वल्ह्यांतच कोण जोरात आहे याचा अंदाज येतो. तरी मी पाहुण्यांना इथे अर्ध्या-पाऊण तासापेक्षा जास्त थांबवत नाही. नौका सुटतात, जातात, सुटतात, जातात. लहान मुलं कंटाळतात.

पलीकडे केंब्रिजच्या काठावर मॅगझिन बीच नावाचं मोठं मैदान आहे. सतरंजी टाकून बसायला जागा भरपूर. पुढे रिव्हर स्ट्रीट आणि वेस्टर्न अॅव्हेन्यू हे दोन पूल, आणि त्या पट्ट्यात नदी बरीच सरळ. काठावरच्या वीजघरामुळे त्याला पॉवरहाउस स्ट्रेच म्हणतात. पाठलाग बघायला ही उत्तम जागा. मागची नौका पुढचीला गाठते ती बहुतेक वेळा इथे, आणि नियम असा की गाठल्या गेलेल्या नौकेने वाट सोडायची. वाट कोणत्या बाजूने सोडायची यावरून कॉक्स एकमेकांवर ओरडतात तेही ऐकू येतं.

मग येतो वीक्स पूल. सगळ्या शर्यतीत एकच जागा बघायची असेल तर ही. १९२७ चा हा पादचारी पूल एका बाजूला हार्वर्डच्या वसतिगृहांना आणि दुसऱ्या बाजूला बिझनेस स्कूलला जोडतो. त्याला तीन कमानी आहेत आणि शर्यतीची नौका मधल्या कमानीतून जाते. गंमत अशी की नदी नेमकी पुलापाशीच डावीकडे काटकोनात वळते. जवळजवळ साठ फूट लांब, हातभर रुंद, पूर्ण वेगात आलेली नौका कमानीखालून जाता जाता वळवायची. कॉक्स आधी सुकाणू देतो, मग एका बाजूच्या चौघांना जोर वाढवायला आणि दुसऱ्या बाजूच्यांना कमी करायला सांगतो. जमलं तर नौका कमानीतून फिरून बाहेर पडते. हुकलं तर ती पलीकडच्या काठाकडे रुंद जाते, आणि मागून आलेली दुसरी नौका आतून घुसते. वल्ह्यांवर वल्ही आपटतात. पुलावर हजारभर लोक एकाच वेळी ‘ओऽऽ’ करतात.

वीक्सला कुठे उभं राहायचं? पुलाच्या खालच्या बाजूच्या कठड्यापाशी उभे राहिलात तर नौका समोरून येताना दिसतात. मात्र सकाळी ऊन डोळ्यांवर येतं आणि फोटो काळे पडतात. वळण पूर्ण होताना बघायचं तर वरच्या बाजूचा कठडा धरा. दोन्ही कठड्यांवर शनिवारी-रविवारी दहानंतर उभं राहायला जागा मिळणं अवघड. माझ्या मते पुलापेक्षा बिझनेस स्कूलच्या बाजूचा काठ बरा. ती वळणाची आतली बाजू. नेमकं वळण घेणाऱ्या नौका तिथून इतक्या जवळून जातात की कॉक्सचा शब्द न् शब्द ऐकू येतो. शिवाय उताराचं गवत आहे, बसता येतं.

वीक्सच्या वर अँडरसन पूल. हार्वर्ड स्क्वेअर स्टेशनातून बाहेर पडून जेएफके स्ट्रीटने सरळ खाली आलं की दहा मिनिटांत इथे पोहोचतो, म्हणून सगळी गर्दी इथेच साचते. पुलाच्या एका अंगाला वेल्ड आणि दुसऱ्या अंगाला, थोडं वर, न्यूएल ही हार्वर्डची दोन जुनी बोटहाउसं. प्रायोजकांचे मांडव, टोप्या-टीशर्टची दुकानं, खाण्याचे स्टॉल, तात्पुरती स्वच्छतागृहं आणि त्यांच्या रांगा हे सगळं या भागात. जत्रा अनुभवायची तर थांबा. शर्यत बघायची तर पुढे चालू लागा.

शेवटचा मोठा प्रसंग एलियट पुलाचा. अँडरसननंतर नदी हळूहळू उजवीकडे वळत जाते आणि केंब्रिज बोट क्लबसमोर एकदम लांबलचक डावं वळण घेते. हे वळण वीक्सइतकं तीव्र नाही, पण तोवर वल्हेकऱ्यांचा दम संपत आलेला असतो. त्या अवस्थेत नौका वळवत ठेवायची आणि पुलाच्या मधल्या कमानीत नेमकी घालायची. बॉस्टनच्या काठावरून, म्हणजे आतल्या बाजूने, हे फार छान दिसतं. पुलानंतर थोडं अंतर गेलं की हर्टर पार्कच्या हद्दीत शर्यत संपते. तिथे नौका जवळून बघता येतात, ट्रेलरवर चढवताना, पुसताना. दमून गवतावर पडलेली पोरं आणि त्यांना केळी देणाऱ्या आया. लहान मुलांना मी थेट इथेच नेतो.

काय आणि कसं बघायचं

प्रत्येक नौकेच्या नाकावर एक क्रमांक असतो. नौका त्या क्रमाने सुटतात, आणि क्रम बहुतांशी मागच्या वर्षीच्या निकालावरून लागतो. सर्वात पुढे गेल्या वर्षीचे विजेते. म्हणजे क्रमांक बघूनच कळतं की ही नौका कुठे असायला हवी होती. वीक्सला तुमच्यासमोरून ३, ४, ९, ५ अशा क्रमाने नौका गेल्या तर नऊ नंबरवाल्यांचा दिवस आहे.

याहून सूक्ष्म बघायचं तर फोनवरचं स्टॉपवॉच लावा. सुटताना दोन नौकांत पंधरा सेकंदांचं अंतर होतं. तुमच्यासमोर ते नऊ भरलं तर मागचीने सहा सेकंद खाल्ले; वीस भरलं तर पाच गमावले. आकड्यांची आवड असलेल्या काकांना हे सांगून बघा, ते दुपारपर्यंत जागचे हलत नाहीत. स्पर्धेच्या संकेतस्थळावर वेळापत्रक, थेट निकाल आणि प्रक्षेपण असतं. एक डोळा तिथे ठेवला की समोर कोण जातंय ते कळतं. गर्दीत मोबाइलचं नेटवर्क मान टाकतं, तेव्हा वेळापत्रकाचा फोटो सकाळीच काढून ठेवलेला बरा.

एक गोष्ट नवख्यांना गोंधळात टाकते. काही नौका उलट दिशेने, आरामात जाताना दिसतात. त्या हरलेल्या नाहीत. सुरुवातीच्या रेषेकडे निघाल्या आहेत, त्यांची वाट बॉयांनी वेगळी आखलेली असते.

तिन्ही दिवस जायची गरज नाही. शुक्रवारी वयस्कर गटांच्या शर्यती जास्त असतात आणि गर्दी कमी. शांतपणे सगळा मार्ग पायी बघून घ्यायला तो दिवस चांगला. शनिवारी सकाळी आठच्या सुमारास बीयू पुलापासून निघा आणि केंब्रिजच्या काठाने वर चालत या. थांबत थांबत आलं तरी दुपारी जेवायच्या वेळेला हार्वर्ड स्क्वेअर गाठता येतं. रविवारी एकच जागा धरा, वीक्स किंवा एलियट, आणि तिथेच ठिय्या द्या. चॅम्पियनशिप एट बहुतेक वर्षी रविवारी दुपारी असतात. ऑलिंपिकला गेलेली माणसं कॉलेजच्या संघांच्या शेजारून जाताना तेव्हाच दिसतात.

दिवस एकच असेल तर रविवार. वेळ दोनच तासांचा असेल तर सरळ वीक्सला जा, बाकी सोडून द्या.

कपडे, खाणं, म्हातारी माणसं

सकाळी नदीकाठी पारा पाच-सहा अंशांवर असतो आणि दुपारी पंधरा-सोळापर्यंत चढतो. ऊन पडलं तरी पाण्यावरचा वारा बोचतो. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला, आणि कानटोपी विसरू नका. पुण्याच्या डिसेंबरातल्या स्वेटरवर भागत नाही. पाऊस आला तरी शर्यत सहसा थांबत नाही. मात्र १९९६ मध्ये वादळी हवेमुळे ती रद्दच झाली होती, तेव्हा रेनकोट आणि दुसरा बेत, दोन्ही जवळ असू द्या. छत्री पुलावर उघडू नका, मागच्या दहा माणसांचा शिव्याशाप लागतो. बुटांकडेही लक्ष द्या: काठाचं गवत सकाळी दवाने चिंब असतं.

स्टॉलवर खायला मिळतं, पण रांगा लांब, भाव चढे, आणि शाकाहारी माणसाच्या वाट्याला बटाट्याचे तळलेले काप. घरून डबा न्यावा. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चटणी, वर एखादा लाडू आणि थर्मासभर आल्याचा चहा. काठावर डबा उघडून बसायला कोणाची ना नाही. दारूला मात्र बंदी आहे. आजूबाजूची पोरं लाल ग्लास घेऊन हिंडताना दिसली तरी आपण त्या भानगडीत पडू नये. गरम काही खायचंच असेल तर हार्वर्ड स्क्वेअर किंवा सेंट्रल स्क्वेअरला भारतीय हॉटेलं आहेत. दुपारी एकच्या आत किंवा तीननंतर गेलात तर बसायला जागा मिळते.

सासूसासरे, आईवडील बरोबर असतील तर घडीच्या खुर्च्या न्या आणि बसायची जागा स्वच्छतागृहाच्या दृष्टीने निवडा. नजारा त्यानंतर. अँडरसन पुलाच्या आसपास बसलं की दोन्ही साधतं, आणि कंटाळा आला तर दहा मिनिटांत एखाद्या पुस्तकाच्या दुकानात किंवा कॉफीच्या ठिकाणी ऊब मिळते. वीक्स पुलावर जायला पायऱ्या आहेत; चाकाची खुर्ची असेल तर काठावरूनच बघा.

हार्वर्डच्या आवारात शिरलात तर एक आठवण काढायला हरकत नाही. गोव्यातल्या सांखवाळहून निघालेले धर्मानंद कोसंबी १९१० साली इथे आले ते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी. पुढेही ते येत राहिले. त्यांचे चिरंजीव दामोदर याच केंब्रिजमध्ये शाळेत गेले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. आजच्या पाहुण्या आईवडिलांच्या कितीतरी आधी एक मराठी घर या नदीच्या काठी नांदून गेलं.

मुलांना वल्हवायची हौस लागली तर शर्यतीच्या मार्गाच्या वर, ब्रायटनच्या बाजूला, कम्युनिटी रोइंग ही संस्था आहे. कॉलेजात किंवा क्लबात नसलेल्यांनाही तिथे शिकवतात. नावनोंदणी बहुतेक हंगामाच्या आधी होते, तेव्हा चौकशी हिवाळ्यातच करून ठेवा.

परतताना

रविवारी शेवटच्या शर्यती आटोपल्या की हजारो माणसं एकदम हार्वर्ड स्टेशनात शिरतात. तुम्ही वीक्सला असाल तर तिकडे न जाता मेमोरियल ड्राइव्हवरून खाली चालत वेस्टर्न अॅव्हेन्यू गाठा आणि त्या रस्त्याने सेंट्रल स्टेशनला या. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि लगेच गारठा वाढतो, म्हणून साडेपाचला हालचाल करा. निघण्याआधी टीचं संकेतस्थळ एकदा बघा. शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी रेड लाइनचा एखादा तुकडा बंद असतो आणि त्याऐवजी बस सोडतात. अशा वेळी विमान गाठायचं असेल तर तासभर जास्त धरा. आणि त्याच संध्याकाळचं विमान असेल, तर मोठ्या बॅगा घेऊन काठावर येऊच नका. त्या घरी किंवा हॉटेलच्या काउंटरवर ठेवा आणि जाताना उचला.